खोडाला लागलेलं पाणी

धरमपेठ, नागपूर
८ डिसेंबर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. थोरल्या भावाने प्लॉट मातीमोल विकला, आज तिथले भाव डोळ्यांसमोर असूनही तो 'केलं ते बरोबरच' म्हणून अडून बसलाय, आणि दिवाळीत तुम्ही दोघं त्यावरून ताटावरून उठलात. एवढं ढळढळीत दिसत असताना चुकलं म्हणायला माणसाचं काय जातं, असं तू विचारतोस. काय जातं ते मला माहीत आहे. तीन वर्षं मी हेच केलं, आणि तुला कधी सांगितलं नाही.

काटोलकडचा आमचा संत्र्याचा बगीचा तू पाहिलायस. बाबा गेल्यावर शेतात राबणं धाकट्याकडे आलं, पण शब्द माझा चालायचा. बाबा ओळीने वाफे जोडून मोकळं पाणी सोडायचे, एका झाडाच्या बुंध्यावरून दुसऱ्याच्या बुंध्याला. धाकटा अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, पाणी खोडाले लागू देऊ नोको. डिंक्या त्याच्यानंच वाढते." झाडाभोवती दुहेरी आळं करायचं, आतलं कोरडं ठेवायचं, पाणी फक्त बाहेरच्यात द्यायचं. डिंक्या ज्या फायटोफ्थोरा बुरशीने होतो, तिचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहतात, वाहत्या पाण्याबरोबर पुढच्या झाडाकडे जातात. मग खोडातून डिंक ओघळतो, साल कुजते, पानं पिवळी पडतात आणि भरलं झाड उभ्या उभ्या वाळतं. हे सगळं त्याने मला नीट समजावून सांगितलं होतं. मी म्हणालो, "बाबांनी तीस वर्षं असंच पाणी दिलं."

पहिल्या वर्षी अकरा झाडं गेली. मी म्हणालो, संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात तो जंभेरीचा खुंटच नाजूक. दुसऱ्या वर्षी म्हणालो, पाऊस फार झाला. तिसऱ्या वर्षी कलमांना दोष दिला. आणि बघ, यातलं एकही कारण साफ खोटं नव्हतं. जंभेरी या रोगाला खरंच लवकर बळी पडते, पावसाने तो खरंच फोफावतो. प्रत्येक कारणात थोडं खरं होतं, म्हणूनच ते मला वर्षभर पुरायचं. पहिल्या वर्षी कबूल केलं असतं तर अकरा झाडांचा दोष माझ्यावर आला असता. तिसऱ्या वर्षी साठ झाडांचा, शिवाय त्याच्या बायकोमुलांसमोर त्याला जे बोललो त्या सगळ्याचा. आणि या सगळ्याच्या तळाशी बाबा होते. पाणी चुकलं म्हणजे बाबा चुकले, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं.

पोरगी मेडिकलला शिकते. तिने एकदा जेवताना व्हिएन्नाच्या सेमेलवाइस या डॉक्टरची हकीकत सांगितली. १८४७ साली त्याच्या प्रसूती विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. शवविच्छेदन करून येणारे डॉक्टर तसेच बाळंतिणीला हात लावत. त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि दोन महिन्यांत ते प्रमाण दोनावर आलं. तरी बहुतेक मोठ्या डॉक्टरांनी मानलं नाही. मी विचारलं, आकडे समोर असून? ती म्हणाली, बाबा, मानलं असतं तर आजवरच्या बाया आपल्याच हातांनी गेल्या हेही मानावं लागलं असतं. कील शहरातल्या मिखाएलिस नावाच्या डॉक्टरने ते मानलं होतं. नात्यातली एक बाळंतीण आपल्याच हातून गेली या विचाराने त्याने १८४८ साली जीव दिला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तोवर मी हट्टी माणसांना नुसतं गर्विष्ठ समजत आलो होतो.

पुढच्या रविवारी बगीच्यात गेलो. वाळलेल्या एका झाडापाशी दोघं उभे होतो. धाकट्याने एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. तोच म्हणाला, "बाबाच्या टायमाले मोटेचं पाणी होतं, भाऊ. सबन बगीच्याले पुरे नाही, खोडाजोळ साचेच नाही. मोटरपंप आपण बसवला." तेवढं ऐकलं आणि माझा गळा भरून आला. बाबा त्यांच्या पाण्यापुरते बरोबर होते. चुकलो होतो मी, आणि ते मी तिथेच बोललो. त्याच दुपारी आम्ही मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, दहा लिटर पाणी असं बुरशी रोखणारं बोर्डो मलम कालवलं आणि उरलेल्या झाडांच्या खोडांना हाताने फासलं.

म्हणून सांगतो, काही दिवस प्लॉटच्या किमतीचा विषय काढू नकोस. प्लॉट विकला त्या वर्षी तुझी आई दवाखान्यात होती आणि पैशासाठी थोरला एकटा धावत होता, हे मला आठवतं. तू ते त्याला कधी बोलून दाखवलंयस का? आधी तेवढं बोल. पुढे तो काही म्हणेल, न म्हणेल.

आंबिया बहाराची तोड सुरू आहे. धाकट्याने तुझ्यासाठी एक पेटी बाजूला ठेवली आहे, शनिवारच्या गाडीने पाठवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
नागपूरचा मित्र