ऑटो-ट्यूनचा आकडा शून्यावर कशाला?

संपादक महोदय,

नव्या गाण्यांतले आवाज एकाच साच्यातले वाटतात ही तक्रार खरी. पण तरुणांना बोल लावण्याआधी स्टुडिओत डोकावावे. १९९७ साली आलेले ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर गायकाचा सूर जवळच्या ठरलेल्या स्वरावर ओढते. त्यासाठीचा अवधी शून्य मिलिसेकंद ठेवला की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे), आंदोलन (स्वराचे हलके डोलणे) पुसले जाते आणि आवाज यांत्रिक होतो. अवधी वाढवून फक्त बेसूर जागा हाताने दुरुस्त करता येतात. त्याला वेळ लागतो, आणि नेमका तोच द्यायचा नसतो! वर कॉम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणे, इतके, की कुजबूज आणि आरोळी एकाच पातळीवर. सीडीला सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला असतो. त्यातला वरचा थोडासाच वापरला जातो.

– एक ध्वनिमुद्रक