लेझरच्या जाहिरातीत न सांगितलेले

संपादक महोदय,

माकडहाडाजवळच्या खाचेत होणाऱ्या पिलोनिडल सायनसवर ‘टाके नाहीत, जखम नाही’ अशा लेझरच्या जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. तंत्र चांगले आहे, जाहिरात अर्धवट आहे.

या विकारात गळलेले केस छिद्रांतून आत घुसतात आणि त्वचेखाली नळी तयार होते. म्हणून आधी छिद्रे थोडी रुंद करून क्युरेट (खरवडण्याचे चमच्यासारखे उपकरण) वा ब्रशने केस व सडका भाग खरवडतात, नळी सलाइनने धुतात. मगच लेझरचा फायबर (प्रकाश आत नेणारी बारीक तार) नळीत शेवटपर्यंत सरकवून सेकंदाला साधारण १ मिलिमीटर या गतीने मागे घेतात (तरंगलांबी बहुधा १४७० नॅनोमीटर). उष्णतेने अस्तर जळते, भिंती आक्रसतात. फायबर एकाच जागी रेंगाळला तर त्वचा भाजते; घाईने ओढला तर अस्तर शिल्लक राहते. आत केसांचा पुंजका राहिला, तर महागडे यंत्रही काही करत नाही, नळी पुन्हा वाहते.

गळू झाले असेल तर आधी चीर देऊन पू काढावा, सूज उतरू द्यावी, लेझर नंतर. नळीला फाटे बरेच असतील किंवा आधीची शस्त्रक्रिया फसली असेल, तर लिंबर्ग किंवा कॅरिडाकिस फ्लॅपचा (बाधित भाग काढून शेजारची त्वचा सरकवून झाकण्याच्या शस्त्रक्रियेचा) विचार आधी व्हावा.

छिद्रे मुद्दाम उघडी ठेवतात, त्यामुळे काही आठवडे स्राव येणारच. केस पुन्हा आत घुसू नयेत म्हणून त्या भागातले केस काढण्याचे लेझर वेगळे असते. ते जखम भरल्यावर, अनेक बैठकांत होते. त्याचा खर्च ‘पॅकेज’मध्ये धरला आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारावे.

— एक शल्यचिकित्सक, नाशिक