राजीनामा दिलाय, पण आधी पूर्ण वाचा

आई, बाबा,

गेल्या रविवारी फोनवर सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा तुमच्या गोळ्यांवरच बोलत बसले, म्हणून लिहितेय. राजीनामा दिलाय. नोटीस पिरियड 60 दिवसांचा, त्यातले 22 संपले. हो, 22. आधी सांगितलं असतं तर बाबा तुम्ही "जरा थांब" म्हणाला असतात आणि मी थांबले असते, मला माहितीये ना माझं.

कंपनी काढतेय. लॅबमधल्या मशीन्सचं मेंटेनन्स, गेली 11 वर्षं जे दुसऱ्यासाठी करतेय तेच. मशीन बंद पडलं की लॅबवाले इंजिनियरची चार-चार दिवस वाट बघतात, त्यांच्या शिव्या मीच खाल्ल्यात, त्यामुळे कामाला तोटा नाही. (आत्ताच्या ऑफिसचे कस्टमर ओढणार नाही, करारात तसं आहे, आई तू लगेच विचारशील म्हणून.) खरी भीती वेगळी, काम करून बिल लावायचं आणि पैसे तीन महिन्यांनी, म्हणजे कागदावर नफा आणि खात्यात खडखडाट. त्यासाठीच 18 महिन्यांचा घरखर्च बाजूला काढलाय आणि तुमचे पैसे त्याहून वेगळे, ते 5 तारखेला येतातच, येतच राहतील.

बाबा, तुम्हाला काकांच्या कर्जाला जामीन राहताना केलेली ती सही आठवली असणार. मलाही आठवली. आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे कंपनीचं देणं कंपनीचं, बुडालं तर मी घातलेलं भांडवल बुडेल. पण बँक कर्ज देताना डायरेक्टरची पर्सनल गॅरंटी मागते आणि तिथे सही केली की लिमिटेड-बिमिटेड सगळं गेलं, हेही कळतं मला. म्हणून कर्जच नाही. मी आणि माझी पार्टनर, दोघीच जणी, ऑफिस नाही, जुनी टूलबॅग.

त्या सहीच्या वेळी सहावीत होते मी. संध्याकाळी फोन वाजला की मी उचलून "बाबा घरी नाहीत" सांगायचे आणि तुम्ही समोरच पेपर धरून, पान न उलटता. मला राग नव्हता हो, उलट काहीतरी मोठं काम दिलंय असं वाटायचं. वाईट वाटून घेऊ नका, कधी बोललो नाही आपण यावर म्हणून लिहिलं.

आता ऐका. माझ्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत तुम्ही दोघं आहात, नोकरी सुटली की ते कव्हर जातं. त्याच विमा कंपनीच्या वेगळ्या पॉलिसीत तुम्हाला आणतेय, म्हणजे जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड, क्लेम मिळायच्या आधी थांबायची मुदत, पहिल्यापासून मोजायला नको. फॉर्मवर बीपी आणि शुगर दोन्ही लिहायचं, "थोडीशीच आहे" म्हणून लपवायचं नाही, नंतर क्लेम अडतो. आई, गुडघ्याची तारीख पुढे ढकलायची नाही, माझ्याकडे पैसे नसतील असा विचार करून तर अजिबात नाही. आणि बाबा, पेन्शनमधून मला काही पाठवायचं नाही, पाठवलंत तर मी परत पाठवीन आणि आपलं भांडण होईल.

रविवारी फोन करते. बाबांनीच उचलायचा.

तुमची
बाळी