पेटी मुकी करताना

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

प्रिय दिनू,

माझ्या मशीनचा आवाज कोंडायच्या पेटीबद्दल फोनवर तू विचारलंस, "पेटी झाली का?" आणि मी नुसतं "झाली" म्हणालो. त्या एका शब्दामागे चार महिन्यांची हमाली आहे, म्हणून आज बैजवार लिहायला बसलोय.

मशीन तुला ठाऊक आहेच. रिटायर झाल्यावर घेतलेलं, टेबलावर मावणारं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणारं यंत्र, कटर फिरवणारी मोटर (स्पिंडल) ५०० वॅटची, नावाच्या पितळी पाट्या कोरायला. टूलरूममध्ये जन्म गेलेल्या माणसाला त्याचा आवाज म्हणजे काहीच नाही. पण खालच्या मजल्यावर काकूंचं भजनी मंडळ बसतं. एका बुधवारी त्या वर आल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही काळी पाचला भूप लावतो, आणि तुमच्याकडून सारखा तीव्र मध्यम येतो."

त्या गेल्यावर हिशेब मांडला. मिनिटाला १०,००० फेऱ्या, दोन धारांचा कटर, म्हणजे सेकंदाला ३३३ वेळा धार पितळावर आदळते. नातीच्या हार्मोनियमवर शोधलं तर ती पांढरी तीन निघाली, किंचित चढी. काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, षड्ज धरली तर तो तीव्र मध्यमच की! आणि भूपात मध्यम वर्ज्य, पंचम चालतो. काय कान आहे बाईंचा. तुझ्या मिरजेत जन्माला यायला हव्या होत्या.

पहिली पेटी केली ६ मिमी प्लायची, आतून तू सांगितलेले अंड्यांचे ट्रे आणि दोन इंच फोम. (ट्रेचा सल्ला मी विसरणार नाही. जन्मभर.) मशीन चालू केलं आणि पेटी तंबोऱ्याच्या तबलीसारखी गुंजायला लागली. तू म्हणशील, दुसरं काय होणार! तंबोरे करताना तू पातळ लाकडाला बोलतं करतोस, आणि मी नेमकं तेच लाकूड घेऊन त्याला गप्प बस म्हणत होतो. फोम आणि ट्रे वरचा किरकिराट थोडा खातात, पण ३३३ च्या सुराची लाट जवळजवळ एक मीटर लांब असते. दोन इंच फोम तिच्या खिजगणतीतही नसतो.

आवाज अडवतं ते वजन. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी, असा ढोबळ हिशेब आहे. मग भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन १८ मिमी प्लाय आणि १२ मिमी एमडीएफ (लाकडी भुशाची दाबलेली फळी) आणलं. दोन्हींच्या मध्ये डांबरी शीट, गाड्यांच्या पत्र्याला आतून चिकटवतात तसलं. थर असे चिकटले की लाकूड टकटक केल्यावर नुसतं 'थड्' म्हणतं. आत रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे स्लॅब, वरून कापड. फोम काढून टाकला, कारण पितळाची गरम बर (कापलेला कीस) उडून त्यावर पडली तर तो पेट घेईल. रॉकवूल पेटत नाही. पेटी ऐंशी किलोच्या वर गेली. लिफ्टमध्ये मावली नाही, सुट्या फळ्या जिन्याने वर नेल्या. कंबर अजून बोलते.

एवढं करून मोबाइलवर मोजलं तर बाहेर ६६ डेसिबल. पेटीआधी ८२ होते. मोबाइलचा आकडा खरा नसतो, पण दोन आकड्यांतला फरक बऱ्यापैकी खरा असतो. माझा जीव खट्टू झाला. मग रात्री आत टॉर्च लावून ठेवला आणि खोलीत अंधार केला. दाराच्या कडेने उजेडाची रेघ! जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. फटीत आपण लक्ष घालत नाही, पण जाड भिंतीची सगळी कमाई ती एकटी उधळते. दाराला दुहेरी खाच पाडली, दोन्ही खाचांत रबरी बीडिंग, आणि दार दाबून बसेल अशा दोन खटक्याच्या कड्या. ५७ वर आलो.

हवेचं तेवढं अवघड गेलं नाही. पूर्ण बंद पेटीत स्पिंडल तापतं, म्हणून मोटरांना वीज देणारे ड्रायव्हर बाहेर काढले आणि हवेच्या वाटेला आतून कापड लावलेली तीन वळणं दिली. हवा वळते, आवाज वळणावळणावर थकतो. स्टॉपचं लाल बटण बाहेर आहे, आणि मशीन चालू असताना मी खोली सोडत नाही. सौ.ला ती शिक्षा वाटते, मला सुख.

तरी खाली भुणभुण जातच होती. ती हवेतून नव्हे, टेबलाच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरत होती. मशीनखाली अख्खी रबरी मॅट घातली, काही फरक नाही. वजन एवढ्या मोठ्या मॅटवर पसरलं की ती दबतच नाही, आणि न दबलेलं रबर दगडासारखंच. मग स्वयंपाकाच्या ओट्याचा उरलेला कडप्पा मिळाला, पन्नासेक किलोचा. मशीन त्यावर, आणि कडप्प्याखाली फक्त चार मऊ गोट्या. वर जड, खाली थोडं आणि मऊ.

एक मात्र गेलं, दिनू. कटर बोथट झाला की मला आवाजावरून कळायचं, आता पेटी काही सांगत नाही. तळहात ठेवून बसतो, पण ते नाडी बघण्यासारखं.

थोडीशी भुणभुण अजून खाली जाते. म्हणून मी फेऱ्या १०,४८० केल्या. म्हणजे निदान पंचम तरी! काकूंना सांगितलं नाही. परवा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "आज तुमचा पंचम उतरलाय." वर येऊन पाहिलं तर कटर पार बोथट, स्पिंडल ओढत होतं, फेऱ्या पडल्या होत्या.

दिवाळीत ये. बुधवार धरून ये.

तुझा,
वसंता