सूचना: सर्व्हरवरचं ज्युपिटर घरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याबद्दल

मंडळी, शनिवारी धंतोलीत बसायच्या आधी हे घरूनच करून या बाप्पा, तिथे सेटिंग करत बसलं की तर्री-पोहे थंड होतात.

बरेच जण सर्व्हरवर ज्युपिटर (ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायचं साधन) सुरू करतात आणि मग आपल्या लॅपटॉपवर लोकलहोस्ट ८८८८ (८८८८ हा पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर) टाकून पाहून राहिले, ते कसं उघडेल, लोकलहोस्ट म्हणजे तुमचाच लॅपटॉप ना, आणि ज्युपिटर तर तिकडे सर्व्हरच्या लोकलहोस्टवर ऐकत बसलंय, बाहेरच्याला तो दारच उघडत नाही (बरंच आहे ते). म्हणून एसएसएचला (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची कमांड) डॅश एल (-L) लावून तुमचा ८८८८ पोर्ट सर्व्हरच्या ८८८८ ला जोडा, मग तोच पत्ता चालतो. टोकन (आत शिरायची किल्ली) मागितलं तर सर्व्हरच्या टर्मिनलवर जी लिंक दिसते त्यातलं कॉपी करा. आपला सर्व्हर सगळ्यांचा एकच, त्यामुळे ८८८८ कोणी आधीच धरला असेल तर ज्युपिटर आपणहून ८८८९ वगैरे घेतं, म्हणून नंबर बघूनच जोडा.

आणि कटकट नको म्हणून कोणी ज्युपिटर ०.०.०.० वर (म्हणजे बाहेरच्यांनाही दार उघडं), तेही पासवर्डशिवाय उघडं ठेवू नका, अख्खं इंटरनेट आत येऊन कोड चालवू शकतं. लॅपटॉप बंद केला की एसएसएच तुटतं, लांबलचक काम असेल तर ज्युपिटर टीमक्समध्ये (tmux, एसएसएच तुटलं तरी सर्व्हरवर काम चालू ठेवतं) चालवा.

अडलं तर शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच विचारा, एररचा फोटो टाका, नुसतं "होत नाही भाऊ" नका लिहू.