पाळकाची पारख

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पाळक (धर्मगुरू) या नात्याने हे लिहीत आहे. येशूने नम्रतेचा धडा म्हणून शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग आम्ही दरवर्षी वाचतो, तरीही मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या निवडीवरून रुसवेफुगवे होतातच (पाळकांचे रुसवे अधिक काळ टिकतात, हेही खरे). याच जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. पदाचा मोह सुटल्यावाचून असे पाऊल उचलता येत नाही. मंडळीने पाळकाचे प्रवचन जरूर ऐकावे, परंतु आजाऱ्याच्या घरी तो किती वेळ बसतो आणि हिशेब विचारल्यावर कसा बोलतो, हेही पाहावे.

— एक पाळक, रत्नागिरी