दाढ काढायच्या आधी

निपाणी, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं. वरची डावी दाढ, रूट कॅनाल झालेली, वर कॅप बसवलेली, तरी चावताना ठणकते, आणि आता ती उपटूनच टाकायची असं तू ठरवलंयस. थांब जरा. फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

वर्गात फळ्यावर आपण दाताचं चित्र काढतो तेव्हा वरचा पांढरा भाग नीट रेखाटतो आणि खाली दोन रेघा ओढून मोकळे होतो. माझा दवाखान्यातला बहुतेक वेळ त्या दोन रेघांमध्येच जातो.

तुझी दाढ ही वरची पहिली मोठी दाढ. तिला साधारण तीन मुळं असतात. दोन गालाकडे, एक टाळूकडे. टाळूकडचं मूळ लांब, त्यातली नसेची वाट रुंद, डॉक्टरला ती लगेच सापडते. घोटाळा होतो गालाकडच्या दोनांपैकी पुढच्या मुळात. ते बाहेरून एकच दिसतं, पण गालाकडून टाळूकडे रुंद आणि पुढून-मागून चपटं असतं. आडवं कापलं तर दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखं, मध्ये चिमटलेलं. त्यात पुष्कळदा दोन कॅनाल, म्हणजे नसेच्या वाटा, असतात. एक गालाकडे, तो मिळतो. दुसरा टाळूच्या बाजूला, डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, पातळ कडेखाली, अतिशय बारीक. आपला नेहमीचा एक्स-रे गालाच्या बाजूने घेतात, त्यामुळे हे दोन्ही एकामागे एक येतात आणि फिल्मवर एकच रेघ उमटते. तो दुसरा राहून गेला, की आतले जंतूही राहतात आणि कॅपखाली मुळाच्या टोकाशी त्यांचं काम चालू राहतं.

हा काही दुर्मीळ प्रकार नव्हे. अमेरिकेत दंततज्ज्ञ फ्रँक्लिन वाईन यांनी 1969 मध्ये अशा 208 मुळांचा अभ्यास मांडला, त्यात निम्म्याहून किंचित जास्त मुळांत दोन कॅनाल निघाले. पुढे मायक्रोस्कोप आणि थ्री-डी स्कॅन आल्यावर हे प्रमाण आणखी वाढलेलंच दिसलं. त्याही आधी, 1917 मध्ये, झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरलं, ते पक्कं केलं आणि दात आम्लात विरघळवला. हातात उरला आतल्या वाटांचा साचा. त्या साच्यांचे फोटो मी कॉलेजात पहिल्यांदा पाहिले तेव्हा हरखून गेलो होतो. सरळ नळी म्हणून शिकवलेल्या जागी फाटे, जाळ्या, मध्येच जुळणाऱ्या आणि पुन्हा फुटणाऱ्या वाटा!

बाकीचे दातही कमी नाहीत बघ. खालचे पटाशीचे दात सगळ्यांत लहान, मूळ एकच, तरी त्यांतल्या सुमारे 40 टक्क्यांत दोन कॅनाल सापडतात. वरच्या पहिल्या उपदाढेला, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढेला, बहुधा दोन मुळं, तिच्या शेजारणीला बहुधा एक. सुळ्याचं मूळ सगळ्यांत लांब, वरच्या सुळ्याचं सरासरी 17 मिलिमीटर. म्हणून म्हातारपणी बाकीचे दात गेले तरी सुळे टिकून राहतात. अक्कलदाढेबद्दल तर आधी काहीच सांगता येत नाही. मुळं जुळलेली, वाकडी, खालच्या जबड्यातली कधी थेट नसेला टेकलेली.

खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला दोन मुळं असतात असं आपण सगळेच शिकलो. पण काहींना जिभेच्या बाजूला तिसरं, आखूड, वाकडं मूळ असतं. व्हिएन्नाचे दंतवैद्य काराबेली यांनी त्याची नोंद 1844 मध्येच केली होती. चीन, कोरियाकडच्या लोकांत आणि एस्किमोंमध्ये ते बऱ्यापैकी आढळतं, युरोपात क्वचित. इथेही एका विडी कामगार बाईंच्या दाढेत मला ते भेटलं. एक्स-रेची नळी थोडी तिरकी धरल्यावर मागच्या मुळाची सावली सुटी झाली. बाई कितीतरी दिवस मिश्री लावून दुखणं दाबत होत्या. आपल्या भागात हे मिश्री लावणं फार आहे, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. तंबाखूने आणि रोजच्या घासण्याने हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक पांढरं आवरण, नसतंच, सिमेंटमचा पातळ थर असतो, तो झिजायला वेळ लागत नाही.

शाळेतल्या पोरांसाठी एक सांगतो, पालकसभेत नक्की सांग. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते ती कायमची. ती काही पडणारा दात काढून येत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी 'पडेल की' म्हणून सोडून देतात. तिची मुळं पूर्ण व्हायला नववं-दहावं वर्ष उजाडतं. त्याआधी नस मेली तर मुळाची भिंत पातळ आणि टोक उघडंच राहतं, मग दाढ वाचवणं फार अवघड.

आता तुझं. डाव्या बाजूला सर्दीसारखं जड वाटतं असं तू लिहिलंस, ते मला महत्त्वाचं वाटतं. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, अगदी तळाशी असतात, तिथला संसर्ग वर जाऊ शकतो. तुझ्या आई म्हणतात, वरची दाढ काढली की डोळे जातात. तसं होत नाही. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. पण काढू नकोस हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

बेळगावला जाऊन आधी त्या दाढेचा सीबीसीटी, म्हणजे दातांचा थ्री-डी एक्स-रे, स्कॅन करून घे. केएलई आणि मराठा मंडळ, दोन्ही दंत महाविद्यालयं तिथे आहेत, रूट कॅनालच्या तज्ज्ञाला दाखव. राहिलेला कॅनाल दिसला तर जुनं भरण काढून पुन्हा साफ करता येतं. यश येईलच अशी हमी मी देत नाही. मूळ उभं तडकलेलं निघालं तर दाढ काढावीच लागेल, आणि तेव्हा मीच तुला तसं सांगेन. तोवर दुकानातून अँटिबायोटिक आणून खाऊ नकोस. शुगरचा रिपोर्ट आणि पहिल्या वेळचे एक्स-रे असतील तर ते घेऊन जा.

स्कॅन झाला की सीडी घेऊन सरळ इकडे ये की रे. रविवार असला तरी दवाखाना उघडतो. वहिनींना आणि आईंना नमस्कार सांग.

तुझाच,
निपाणीचा मित्र